रूपाच्या पायात अठरा दिवस

आधी हसन मामांचं नाव लिहितो. हसन नालबंद, मूळ शहाद्याकडचे. चाळीसेक वर्षं ते सुरतेत होते, लिंबायतला आमच्या शेजारच्या गल्लीत. माझ्या ओळखपत्रावर आज ‘खूरनिगा विभाग प्रमुख’ असं छापलेलं आहे, ते या माणसामुळे. ते माझे सख्खे मामा नव्हेत. गल्लीतली सगळी खानदेशी पोरं त्यांना मामाच म्हणत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, घोड्यांच्या दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, थोड्या सांगतोही. पण लिहायला बसल्यावर एकच घोडी पुन्हा पुन्हा समोर येऊन उभी राहते, म्हणून बाकीचं आवरून तिच्याकडे जाईन.

माझं शिक्षण तालुक्याच्या गावी झालं. वडील सुरतेत लूमवर आणि आई आम्हा भावंडांना घेऊन गावी, अशी आमच्या घराची वाटणी होती. घरात पदवी घेणारा मी पहिला. बी.एस्सी. झालो आणि वडिलांच्या खोलीवर आलो. चार महिने इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर पेट्या मोजत होतो. एक दिवस हसन मामा दारात आले. त्यांचं नालबंदीचं काम एका प्राणिसेवा संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात चाले. तिथल्या डॉक्टर मॅडमना नोंदी ठेवणारा, इंग्रजी कागद वाचणारा माणूस हवा होता. मामांनी तिथे सांगून टाकलं होतं, “आमच्या गल्लीत एक बीएस्सी आहे.” त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. मी ‘बीएस्सी’ झालो.

सुरतेत घोडे कुठे आहेत, असं लोक विचारतात. आहेत. वरघोड्याच्या, म्हणजे लग्नाच्या वरातीच्या घोड्या आहेत, बग्गीचे घोडे आहेत, डुमसच्या समुद्रकाठी वाळूवर पोरांना फिरवणारे आहेत. ते राहतात पत्र्याच्या शेडमध्ये, पुलाखाली, एखाद्या बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात. लग्नसराईत एक घोडी एका संध्याकाळी दोन-दोन वराती करते. सगळं चालणं डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर.

घोड्याचं खूर म्हणजे आपलं नख. ते वाढतं, पण फार हळू. वरून निघालेलं नवं खूर जमिनीपर्यंत यायला वर्षभर लागतं. डांबरावर ते त्यापेक्षा लवकर झिजतं, म्हणून लोखंडी नाल ठोकायची. खूर उलटं करून पाहिलं तर कडेने एक पांढरी रेघ दिसते. तिच्या बाहेरचा भाग निर्जीव, आतला जिवंत. खिळा रेघेच्या बाहेरून वर चढवायचा, भिंतीतून, म्हणजे खुराच्या बाहेरच्या कडक कवचातून, बाहेर काढायचा आणि टोक मुरडून टाकायचं. पाच-सहा आठवड्यांनी नाल उपसायची, वाढलेलं खूर कापायचं, कानशीने सपाट करायचं आणि नाल पुन्हा ठोकायची. मधल्या काळात तिला कुणी हात लावत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मामांनी मला खिळ्याचा आवाज ऐकायला बसवलं.

“कान लाव. आयक. हाई लाकूड वाटस तुले? हाई जित्तं शे.”

खिळा बरोबर चालला असेल तर हातोडीचा आवाज कोरडा, टणक येतो. आत वळला तर बोदा येतो. मला महिनाभर दोन्ही सारखेच ऐकू आले. मामा म्हणाले, लूमच्या आवाजात वाढलेला दिसतोस. मी गावी वाढलो होतो, पण बोललो नाही.

विचित्र गिऱ्हाईकं खूप. कापड मार्केटमधला एक माणूस दर शनिवारी काळ्या घोड्याची नाल मागायला येई, शनीसाठी. मामा त्याला उपसलेली जुनी नाल देत. एका शनिवारी तो म्हणाला, ही खरंच काळ्याची कशावरून, माझ्या डोळ्यांसमोर काढून द्या. समोर काळा घोडा उभा होता, तीन दिवसांपूर्वीच नाल ठोकलेला. मामा शांतपणे म्हणाले, “काढतो. तुम्ही फक्त मागचा पाय उचलून धरा.” तो माणूस पुन्हा आला नाही. पण त्याच वर्षी लिंबायतमधल्या एका काळ्या घोड्याची नाल कुणीतरी पहारीने उचकटून नेली आणि खुराची पाव भिंत नालेसोबत गेली. मी ते पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. एखाद्याचं नख पकडीने उपटून ते आपल्या दारावर शुभ म्हणून लावायचं, हे माणूस करू शकतो, हे मला बी.एस्सी.त कुणी शिकवलं नव्हतं.

आणखी एकदा एका नवऱ्या मुलाच्या मावशीने घोडीच्या चारी खुरांना सोनेरी ऑइलपेंट लावला. आम्ही तो दोन दिवस खरवडत होतो. मावशी वर म्हणाल्या, “फोटोत छान आलं पण.”

आता रूपाकडे येतो.

रूपा पांढरी घोडी. मालक जयंतीभाई, डुमस रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गावात राहणारे. त्यांच्याकडे दुसरं जनावर नव्हतं आणि दुसरा धंदाही नव्हता. रूपा चालली तर घर चाललं, इतकं ते सरळ होतं. माणूस अबोल, सांगाल ते ऐकणारा. दवाखान्याची गाडी आली की आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवायचा. मी डॉक्टर नव्हतो, पण मलाही ते साहेब म्हणत. मी तीन-चारदा ‘साहेब नका म्हणू’ असं सांगितलं आणि मग सांगायचं सोडून दिलं, कारण ऐकायला बरं वाटायचं.

त्या वर्षी उत्तरायणानंतरची लग्नं एकामागून एक लागली होती. रूपाच्या पुढच्या दोन्ही खुरांची भिंत खिळ्यांच्या जुन्या भोकांनी चिरफाळली होती. मामांनी खूर हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि मान हलवली. खिळा धरायला जागाच उरली नव्हती. दोन महिने बिननालेची ठेवा, मऊ जमिनीवर, असं त्यांचं म्हणणं. मी जयंतीभाईंचा चेहरा पाहिला. दोन महिने म्हणजे अख्खी सराई.

नेमक्या त्याच सुमारास संस्थेला परदेशातून घोड्यांच्या बुटांच्या काही जोड्या देणगीत आल्या होत्या. जाड रबराचे, खाली खाचा, वर पट्टा आणि बक्कल. खिळा नाही, हातोडी नाही. खूर बुटात बसवायचं आणि बक्कल आवळायचं. त्यांच्यासोबत घडी घातलेला एक इंग्रजी कागद होता. मॅडमनी तो माझ्या हातात दिला. “तू वाच आणि सगळ्यांना समजाव,” असं त्या म्हणाल्या. मी तो संस्थेच्या ओट्यावर उभा राहून वाचला. माप कसं घ्यायचं, पट्टा कितपत आवळायचा, सैल असला तर काय, घट्ट असला तर काय. चित्रं होती. मला फार अभिमान वाटला. तिथे इंग्रजी वाचता येणारा मॅडमखेरीज मी एकटा होतो.

बूट चढवायला मी, हसन मामा आणि जयंतीभाई, असे तिघेच होतो. रूपाने पाय उचलून दोनदा झटकले, मग चार पावलं चालली. लंगडत नव्हती. जयंतीभाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग त्यांना शंका आली. वरातीतले लोक म्हणतील, घोडी टपटप वाजत नाही, हे काय घातलंय, काढा. मग वरातीपुरते काढले तर चालेल का?

मी म्हणालो, “अजिबात नाही. कुणी काहीही म्हणो, बूट काढायचे नाहीत. मी सांगेन तेव्हाच काढायचे.”

हसन मामा एक बूट हातात घेऊन आतून बोटं फिरवत होते. त्यांनी मला विचारलं, “मझार हवा कथाईन जाई रे?” आत हवा कुठून जाणार, असं ते विचारत होते.

मला वाटलं, मामांना वाईट वाटतंय. हे बूट रुळले तर हातोडीचं काय होणार, अशी त्यांना धास्ती वाटत असणार. मला त्यांची दयाही आली, हे लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, “कंपनीने सगळा विचार केलाय मामा. कागदात आहे.”

“तू वाचेल शे ना?”

“वाचलाय.”

“मंग ठीक शे,” असं म्हणून त्यांनी बूट माझ्या हातात दिला.

पुढचे दोन आठवडे मला बडोद्याच्या बाजूला शिबिरासाठी जावं लागलं. रूपा वराती करत होती, तक्रार नव्हती. अठराव्या दिवशी मी आणि मामा वाटेत जयंतीभाईंकडे थांबलो ते सहज, चहा घ्यायला म्हणून. शेडच्या दारातच मामा थांबले आणि त्यांनी नाकाने श्वास ओढला.

रूपा उभी होती, पण तिने पुढचे पाय पुढे टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेतला होता. मी वाकून बक्कल सोडायला गेलो तर बक्कल सुटेना. गंजलं होतं. ज्या वस्तूचं बक्कल रोज उघडतं ते गंजत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

मामांनी पकडीने पट्टा कापला. बूट निघाला तेव्हा आतून काळं पाणी आलं. खुराच्या तळाची मऊ त्रिकोणी गादी असते, जी घोडा प्रत्येक पावलाला दाबतो, ती जवळपास नव्हती. तिच्या जागी भिजलेल्या कागदासारखं काहीतरी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. खुराच्या वर, टाचेला, पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती. दुसऱ्या पायाचंही तेच. मी आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ जखमा पाहिल्या. तो वास मात्र अजून कधी कधी जेवताना येतो.

मी जयंतीभाईंना विचारलं, तुम्ही हे एकदाही उघडले नाहीत?

त्यांना प्रश्नच कळला नाही.  मग म्हणाले, “साहेब, तमे ज कह्युं हतुं ने, काढवाना नथी.” तुम्हीच सांगितलं होतं ना, काढायचे नाहीत. रोज वरात झाली की ते रूपाला धुवायचे, बुटांसकट. पाणी आत जायचं आणि आतच राहायचं. एकदा एका वरातीतल्या लोकांनी बूट काढा म्हणून भांडण केलं, तर त्यांनी ती वरात सोडली, पण बूट काढले नाहीत. वास यायला लागला तेव्हा त्यांना वाटलं, आतल्या औषधाचा असेल.

त्या माणसाचं काय चुकलं होतं? त्याच्या बापाच्या काळापासून घोड्याच्या पायात जे चढतं ते नालबंद येईपर्यंत तसंच राहतं. नाल कोण रोज काढून ठेवतं? बूट रोज काढायचा असतो, हे मला इतकं उघड वाटलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. किंवा हेही खरं नसेल. मला ते त्या दिवशी ठाऊक तरी होतं का, याचाच मला आज भरवसा नाही.

मी फोन केला. तासाभरात मॅडम गाडी घेऊन आल्या. त्यांनी खाली बसून दोन्ही खुरं पाहिली.  मग उभ्या राहून त्यांनी हिंदीत विचारलं, “किसने बोला था नहीं खोलना?”

मी तोंड उघडलं होतं. ते मला नक्की आठवतं, कारण त्यात माशी जाईल की काय असं वाटलं होतं.

“मैंने,” हसन मामा म्हणाले.

मॅडमनी जयंतीभाईंकडे पाहिलं. जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मामा कानशीवरची धूळ पुसत होते. जयंतीभाई खाली बघत म्हणाले, “हा. चाचाए कह्युं हतुं.”

मॅडम मामांना जे बोलल्या ते सगळ्या गावाने ऐकलं. चाळीस वर्षांची अक्कल कुठे गेली, नवीन वस्तू माहीत नव्हती तर हात कशाला लावला, जनावराच्या जिवाशी खेळलात. मामा ‘जी’ म्हणत राहिले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मध्ये तीन-चारदा मॅडम श्वास घ्यायला थांबल्या. तेवढ्या वेळात ‘मी’ हे एक अक्षर म्हणता आलं असतं.

संध्याकाळी ऑफिसात नोंद लिहायचं काम माझंच होतं. मी चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘नालबंदाच्या चुकीच्या सूचनेमुळे बूट अठरा दिवस काढले गेले नाहीत.’ मग कपाटातून तो इंग्रजी कागद काढला. घडी पूर्ण उलगडली. मागच्या बाजूला पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत होतं की काम संपलं की बूट काढा, खूर कोरडं करा, रात्री बूट ठेवू नका. मी मागची बाजू पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामांना चहाच्या टपरीवर गाठलं. मी रडत होतो की काय, आठवत नाही. म्हणालो, मामा, तुम्ही असं का केलंत, मी आत्ता जाऊन मॅडमना सांगतो.

“गप ऱ्हाय. चहा पी.”

मी पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

“माले काढं तरी मी नालबंदच शे. तुले काढं त तू कोन शे?”

मला काढलं तरी मी नालबंदच राहतो, तुला काढलं तर तू कोण उरतोस.  त्याच वर्षी वडिलांना डोळ्यांनी दिसेनासं होऊन लूम सोडावा लागला होता. मामांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले, जयंतीभाईशी मी बोललोय, तोही गप्प राहील, त्याला फक्त घोडी उभी राहायला हवी आहे.

आणि घोडी उभी राहिली. मॅडमचं औषध होतं, पण रोज सकाळी खूर साफ करून कोरडं करणं, सडलेला भाग केसाच्या जाडीने खरवडणं, हे हसन मामा करत होते. संस्थेच्या यादीतून त्यांचं नाव आठवड्याभरातच गेलं होतं. ते स्वतःच्या सायकलवरून लिंबायतहून डुमस रस्त्यापर्यंत येत, आमची गाडी यायच्या आत काम उरकून निघून जात. पुढे त्यांनी तिच्यासाठी मागून बंद असलेली गोल नाल घडवली, म्हणजे भार टाचेवर न येता सगळीकडे वाटला जाईल. ती ठोकायला पुरेशी भिंत यायला पाच महिने गेले. रूपा चालली. रस्त्यावर मात्र पुन्हा कधी नाही. वाळूत, हळू, मुलांना घेऊन. जयंतीभाई आता शाळेची व्हॅन चालवतात.

मामांचं काम मात्र गेलं. हसन नालबंदाने घोडीचे पाय सडवले, ही बातमी दाही दिशांना पोचली. घोडेवाल्यांचं जग छोटं असतं. सहा महिने ते जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जात आणि हत्यारांची पिशवी न उघडता परत येत. मग गावी गेले. मी त्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. त्यांनी खिडकीतून विचारलं, “बीएस्सी, नोंदी बरोबर लिखस ना?” आणि हसले.

त्यानंतर मला खूरनिगा विभाग मिळाला. घोड्यांचे बूट कसे वापरावेत, याचं प्रशिक्षण मी देतो. सुरतेत, आसपासच्या जिल्ह्यांत, दोनदा महाराष्ट्रातही. पहिलं वाक्य ठरलेलं: रोज संध्याकाळी बूट काढा. मग लोकांच्या मनावर ठसावं म्हणून मी रूपाची गोष्ट सांगतो. दहा वर्षं मी ती अशी सांगत आलो: “एका नालबंदाने मालकाला सांगितलं, बूट काढायचे नाहीत.” सुरुवातीला हे म्हणताना मी समोर बघायचो नाही. नंतर बघू लागलो. नंतर नंतर मी त्या नालबंदाची नक्कलही करू लागलो. लोक हसायचे.

या वर्षीच्या वर्गात एक बाई होत्या. नवसारीकडच्या एका नालबंदाची बायको. नवऱ्याची पाठ गेली म्हणून त्या स्वतः नाल ठोकायला शिकल्या होत्या. हात माझ्यापेक्षा चांगला. मी गोष्ट सांगितली, लोक नेहमीच्या जागी हसले. त्या हसल्या नाहीत. हात वर करून त्यांनी विचारलं, “साहेब, तो नालबंद शिकलेला होता?”

मी म्हणालो, नाही.

“मग बुटाचा कागद त्याला वाचून कोणी दाखवला?”

मी पाणी प्यायलो. दुसरा विषय काढला.  वर्ग संपल्यावर मी खुर्चीवर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. एवढा साधा प्रश्न. रूपाच्या त्या दिवसाला बारा वर्षं झाली, त्यात तो मॅडमना पडला नाही, ट्रस्टींना पडला नाही, वर्गातल्या एकाही माणसाला पडला नाही. अडाणी माणूस चुकतो, हे सगळ्यांना इतकं पटण्यासारखं होतं.

त्या आठवड्यात मी दोन घरी जाऊन आलो आणि मग हे पत्र लिहिलं. हसन मामांना आता दिसत नाही, नात वाचून दाखवते. पत्राची प्रत ठेवली होती, ती जशीच्या तशी देतो.

*

हसन मामांना सुभाषचा सलाम.

नातीला सांगा, हे मोठ्याने वाच आणि मध्ये थांबू नकोस. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांच्यासमोर वाच.

रूपाच्या पायातले बूट काढू नका असं मी सांगितलं होतं. तुम्ही नाही. कागद मी वाचला होता, तोही अर्धा. तुम्ही मॅडमसमोर ‘मैंने’ म्हणालात तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. टपरीवर तुम्ही मला गप्प राहा म्हणालात, ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी माझा मीच गप्प राहिलो होतो. हे तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ऐकलेलं नाही.

तुम्हाला माहीत नाही ते पुढचं. नोंदवहीत तुमची चूक म्हणून मी लिहिलं. वर्गात लोकांना दहा वर्षं तेच सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही, पण तुमची बोली काढून दाखवली. त्यावर लोक हसले.

सोमवारी मॅडमच्या घरी गेलो. सगळं सांगितलं.  त्यांनी सांगितलं, त्या दिवशी त्या तुम्हाला काय काय बोलल्या होत्या, ते त्यांना आठवतंय. त्यांनी जुनी फाईल मागवली. ‘नालबंदाच्या’ हा शब्द मी माझ्या हाताने खोडला, वर माझं नाव लिहिलं, सही केली. ट्रस्टी माझ्या नोकरीचं काय करतील ते अजून कळलेलं नाही. तुम्ही त्याची काळजी करू नये. वडिलांना मी सांगितलं आहे. ते म्हणाले, ‘हसनले आधी सांगाले पाहिजे व्हतं.’

मग जयंतीभाईंकडे गेलो. त्यांनी मला आत बोलावलं नाही. ओट्यावरच म्हणाले, मी चाचांच्या सांगण्यावरून एकदा खोटं बोललो, तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून इतकी वर्षं बोललात? मग त्यांनी मला रूपाकडे नेलं. म्हातारी झाली आहे. तिचे पुढचे दोन्ही पाय मी उचलून पाहिले. खूर चांगलं आहे.

हे सगळं झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. कारण मी ज्यांना सांगितलं ती माणसं तीन, आणि तुम्हाला दारातून परत पाठवणारी पुष्कळ.

म्हणून एक मागतो. तुम्ही जाण्याआधीच्या सहा महिन्यांत ज्या ज्या घोडेवाल्यांकडे गेलात आणि पिशवी न उघडता परत आलात, त्यांची नावं मला सांगा. आठवतील तशी, नात लिहून घेईल. लिंबायत, गोडादरा, डुमस, जिथे असतील तिथे मी जाईन. दार उघडेल त्याला सांगेन, की घोडीचे पाय मी सडवले आणि हसन नालबंदाने वाचवले. कुणी वारले असतील तर त्यांच्या मुलांना सांगेन.

कमी नावं सांगू नका.

सुभाष